घड्याळ २००९ वर, टास्कबार गायब! जुना कॉम्प्युटर दुकानात नेण्याआधी घरीच काय तपासाल?

रात्रीचे साडेदहा वाजले आहेत. मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची उद्या शेवटची तारीख. दुपारपासून वीज येत-जात होती, आता कुठे ती टिकली आहे. कॉम्प्युटर सुरू केला, नेट जोडले. पण अर्जाचे पान उघडतच नाही. ‘तुमचे कनेक्शन खासगी नाही’ असा इशारा पडद्यावर येतो. तेच पान मोबाइलवर मात्र झटकन उघडते. मग बिघडले काय? पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली नजर टाका. तिथे तारीख दिसते, १ जानेवारी २००९.

शिरूर, शिक्रापूर, न्हावरे, पाबळ असो की दौंड, केडगाव, यवत, पाटस. दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेले कॉम्प्युटर आजही अनेक घरांत, दुकानांत आणि दूध संकलन केंद्रांत चालू आहेत. कुणी एमएस-सीआयटीच्या वेळी घेतला, कुणी हिशेबासाठी, कुणी मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी सेकंडहँड आणला. या कॉम्प्युटरच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. एक, घड्याळ चुकते. दोन, खालची पट्टी म्हणजे टास्कबार हलतो, गोठतो किंवा दिसेनासा होतो. दोन्हींपैकी बहुतेक तक्रारी घरच्या घरी सुटतात. हा लेख मोबाइलवर उघडा ठेवा, कॉम्प्युटरसमोर बसा आणि एकेक पायरी करत चला.

आधी ओळखा, बिघाड कोणता?

घड्याळ चुकले म्हणजे सेल गेला, असे सरसकट समजू नका. मोबाइलमधली वेळ आणि कॉम्प्युटरची वेळ शेजारी ठेवून फरक किती आहे ते पाहा. फरकावरूनच कारण कळते.

• वीज गेल्यावर किंवा मेन स्विच बंद केल्यावर तारीख काही वर्षे मागे जाते, आणि प्रत्येक वेळी त्याच एका तारखेवर जाते: मदरबोर्डचा सेल संपला.

• तारीख फार चुकत नाही, पण कॉम्प्युटर रात्रभर बंद राहिला की सकाळी घड्याळ काही तास मागे असते: सेल संपत आला.

• फरक बरोबर साडेपाच तासांचा, किंवा साडेबारा-साडेतेरा तासांचा: सेल ठीक आहे, टाइम झोन किंवा सेटिंग चुकले आहे.

• मिनिटे बरोबर, पण महिना आणि दिवस उलटसुलट दिसतात: घड्याळ बरोबर आहे, तारीख दाखवण्याची पद्धत अमेरिकी आहे.

• महिन्याभरात काही सेकंद ते मिनिटभराचा फरक: हा बिघाडच नाही. नेटवरून वेळ जुळवली की काम झाले.

कॉम्प्युटरमध्ये घड्याळे दोन

कॉम्प्युटर चालू असताना कोपऱ्यात दिसते ते विंडोजचे घड्याळ. पण कॉम्प्युटर बंद असताना वेळ कोण मोजते? त्यासाठी मदरबोर्डवर वेगळे छोटे घड्याळ असते. त्याला ‘रिअल टाइम क्लॉक’ म्हणतात. घरच्या कॉम्प्युटरमध्ये हे घड्याळ १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीपासून रुळले. त्याआधीच्या पीसीमध्ये दर वेळी सुरू केल्यावर तारीख-वेळ हाताने टाकावी लागे.

या घड्याळाच्या मुळाशी क्वार्ट्झचा बारीक स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. त्याचे पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक उरतो, म्हणजे एक सेकंद. मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळातही हाच स्फटिक असतो. साधारण दर्जाच्या स्फटिकात दिवसाला दीड-पावणेदोन सेकंदांची चूक होऊ शकते, म्हणून महिन्याला मिनिटभराचा फरक मनावर घ्यायचा नाही.

वीज नसताना हे घड्याळ चालवतो तो रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो ‘सीआर २०३२’ या क्रमांकाचा असतो. २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, असा त्या आकड्याचा सरळ अर्थ. दाब ३ व्होल्ट. बोलताना याला सीमॉस सेल, बटण सेल किंवा मदरबोर्डचा सेल म्हणतात. सेल पूर्ण संपला की घड्याळ कारखान्यात ठरवलेल्या तारखेवर परत जाते. म्हणून कुणाचा कॉम्प्युटर २००९ दाखवतो, कुणाचा २०१२.

वीज जाण्याचा आणि सेलचा काय संबंध?

कॉम्प्युटर ‘शटडाउन’ केला तरी भिंतीवरचे बटण चालू असेल तर पॉवर सप्लायमधून मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते. घड्याळ तिच्यावरच चालते, सेल जवळजवळ खर्च होत नाही. बटण बंद केले किंवा वीज गेली, की सगळा भार सेलवर येतो.

आपल्याकडे घरात दोन सवयी असतात. काम झाले की बोर्डाचे बटण बंद करायचे, आणि आभाळ गडगडायला लागले की पिनच काढून ठेवायची. दोन्ही सवयी चांगल्याच आहेत. मळ्यात किंवा वस्तीवर घर असेल, दाब कमी-जास्त होत असेल, तर त्या सोडू नका. वीज कोसळून किंवा दाब वाढून पॉवर सप्लाय जळाला तर खर्च सेलच्या कितीतरी पट येतो. फक्त एवढे लक्षात ठेवा की अशा घरातला सेल लवकर संपणार. जो सेल दिवसरात्र वीज असलेल्या कार्यालयात सात-आठ वर्षे जातो, तो आपल्याकडे तीन-चार वर्षांत संपला तर नवल नाही. यूपीएस असला तरी तो काही मिनिटांचा आधार. रात्रभर बंद राहणाऱ्या कॉम्प्युटरच्या सेलला त्याचा उपयोग नाही.

तारीख चुकली तर संकेतस्थळ का अडते?

बँक, शिष्यवृत्ती, सातबारा, रेल्वे आरक्षण अशा सगळ्या संकेतस्थळांकडे एक डिजिटल प्रमाणपत्र असते. ‘हे संकेतस्थळ खरेच त्याच संस्थेचे आहे’ याचा तो पुरावा. वाहनाच्या विम्यासारखी त्यावर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. ही मुदत साधारण वर्षभराची किंवा त्याहून कमी असते. अनेक प्रमाणपत्रे ९० दिवसांचीच असतात.

ब्राउझर ही मुदत कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ २००९ सांगत असेल तर ब्राउझरच्या मते ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नाही. म्हणून तो दार बंद करतो. मोबाइल नेटवर्ककडून वेळ घेतो, त्यामुळे मोबाइलवर तेच पान उघडते.

अशा वेळी ‘ॲडव्हान्स्ड’ दाबून ‘तरीही पुढे जा’ असा रस्ता अनेक जण काढतात. तसे करू नका. तो इशारा घड्याळामुळे आला की कुणी मधे बसून तुमची माहिती चोरतो आहे म्हणून आला, हे तुम्हाला कळणार नाही. पासवर्ड, आधार क्रमांक, बँक खाते टाकायच्या पानावर तर अजिबात नाही. आधी तारीख दुरुस्त करा, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. इशारा घड्याळाचा असेल तर जाईल.

चुकीच्या तारखेचा त्रास एवढ्यावर थांबत नाही. अँटिव्हायरसचे अपडेट अडतात. नव्या फाइलवर जुनी तारीख पडते, मग ‘कालचे पत्र कुठे गेले’ म्हणून शोधाशोध होते. हिशेबाच्या प्रोग्रामने कॉम्प्युटरची तारीख आपोआप उचलली तर आजच्या दुधाची, कांद्याची किंवा गुळाची नोंद पंधरा वर्षांपूर्वीच्या पानावर जाऊन बसते. नोंद करण्याआधी तारखेवर नजर टाकायची सवय ठेवा.

आणखी एक गोष्ट. अर्जाची मुदत ‘रात्री ११.५९ पर्यंत’ असेल तर तिथे सर्व्हरचे घड्याळ चालते, तुमचे नाही. कॉम्प्युटरमध्ये साडेअकरा वाजले आहेत म्हणून निर्धास्त राहू नका.

आजची रात्र कशी निभवाल? आधी तारीख, मग सिंक

सेल रात्री साडेदहाला मिळणार नाही. पण काम अडायचे कारण नाही.

विंडोज १० असेल तर कोपऱ्यातल्या घड्याळावर राइट क्लिक करा आणि ‘अॅडजस्ट डेट/टाइम’ निवडा. ‘सेट टाइम ऑटोमॅटिकली’ चालू करा आणि ‘सिंक नाउ’ दाबा. टाइम झोनमध्ये ‘यूटीसी +०५:३०, चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली’ ही ओळ आहे ना, ते पाहा.

विंडोज ७ असेल तर घड्याळावर क्लिक करून ‘चेंज डेट अँड टाइम सेटिंग्ज’ उघडा. ‘इंटरनेट टाइम’ या टॅबवर जाऊन ‘चेंज सेटिंग्ज’ आणि मग ‘अपडेट नाउ’ दाबा.

इथे अनेक जण अडतात. ‘अपडेट नाउ’ दाबूनही वेळ बदलत नाही. कारण घरच्या कॉम्प्युटरमध्ये फरक फार मोठा असेल तर विंडोजची वेळ-सेवा तो स्वतःहून दुरुस्त करत नाही. ही मर्यादा ठरलेल्या सेटिंगनुसार १५ तासांची असते. पंधरा वर्षांचा फरक ती कसा भरून काढणार? म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी मोबाइलमध्ये पाहून तारीख, महिना, वर्ष आणि वेळ हाताने टाका. त्यानंतर सिंक करा. आता ते होईल.

तरीही होत नसेल तर विंडोजचे बटण आणि आर एकदम दाबा, ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’ इंग्रजीत टाइप करून एंटर करा. यादीत ‘विंडोज टाइम’ शोधा, त्यावर राइट क्लिक करून ‘स्टार्ट’ दाबा. ती सेवा बंद पडलेली असणे हे नेहमीचे कारण आहे.

काम संपेपर्यंत भिंतीवरचे बटण बंद करू नका. वीज गेलीच तर पुन्हा सुरू केल्यावर पहिले काम तारखेचे. सुरू होताना काळ्या पडद्यावर ‘सीमॉस चेकसम एरर’ किंवा ‘सीमॉस बॅटरी लो’ असे काही येऊन कॉम्प्युटर थांबला तर घाबरू नका. तिथे बहुधा एफ १ दाबायला सांगितलेले असते. ते दाबले की पुढे जातो.

सेल बदलायचा कसा?

शिरूर किंवा दौंडच्या बाजारपेठेत घड्याळाच्या, इलेक्ट्रिकच्या किंवा कॉम्प्युटरच्या दुकानात ‘सीआर २०३२’ मागा. चांगल्या कंपनीचा, बंद पाकिटातला घ्या. साधारणपणे शंभर रुपयांच्या आत काम होते. २०२५ आणि २०१६ हे सेल दिसायला तसेच, पण पातळ असतात. ते चालवू नका.

सेल काढण्याआधी एक काम न चुकता करा. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये जा आणि पानांचे मोबाइलवर फोटो काढा. दोन गोष्टी विशेष: बूटचा क्रम, आणि साटा मोड ‘आयडीई’ आहे की ‘एएचसीआय’. सेल काढल्यावर ही सेटिंग्ज मूळपदावर जाऊ शकतात. साटा मोड बदलला तर विंडोज निळा पडदा दाखवून सुरूच होत नाही, आणि मग हार्ड डिस्क गेली असे वाटून लोक विनाकारण खर्च करतात. सेल आधीच पूर्ण संपला असेल तर सेटिंग्ज अगोदरच मूळपदावर गेलेली असतील. तरी कॉम्प्युटर आज ज्या स्थितीत चालतो आहे, तिचा फोटो कामाला येतोच.

आता पायऱ्या:

१. शटडाउन करा. भिंतीवरचे बटण बंद करा आणि मागची पॉवर केबल काढा.

२. केबल काढल्यावर पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरा. आत उरलेली वीज निघून जाते.

३. कॅबिनेट आडवे ठेवा. मागचे दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवा. धूळ असेल तर मऊ ब्रशने झाडा. ओले कापड नको.

४. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा. अंगातली स्थिर वीज निघून जाते. मगच मदरबोर्डला हात लावा.

५. चकचकीत गोल सेल दिसेल. सॉकेटच्या कडेची छोटी पट्टी बाहेर दाबली की सेल आपोआप वर येतो. पेचकस खुपसून उपटू नका.

६. नवा सेल लिहिलेली, अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून बसवा. टक असा आवाज येईपर्यंत हलके दाबा.

७. झाकण लावा, केबल जोडा, सुरू करा. बायोसमध्ये जाऊन फोटोप्रमाणे सेटिंग्ज आणि आजची तारीख टाका. ‘सेव्ह अँड एक्झिट’ करा.

खात्री कशी कराल? रात्री बटण बंद करून ठेवा. सकाळी वेळ बरोबर दिसली तर काम फत्ते. नवा सेल घालूनही तारीख मागे जात असेल तर सॉकेटची पट्टी सैल आहे किंवा मदरबोर्डमध्येच दोष आहे; तिथे दुकान गाठावे. घरात वायरमनचा मल्टिमीटर असेल तर जुना सेल मोजून पाहा. नवा सेल तीन व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. पावणेतीनच्या खाली असेल तर त्याचे दिवस भरले.

लॅपटॉपमध्ये हा सेल वायरने जोडलेला किंवा डाग देऊन बसवलेला असू शकतो. तो घरी उघडू नका.

हे मात्र विसरू नका: काढलेला सेल टेबलावर सोडू नका. लहान मुलाने गिळला तर तो अन्ननलिकेत अडकू शकतो आणि दोन तासांतच आतून गंभीर भाजते. जुन्या सेलमध्येही तेवढी ताकद उरलेली असते. असे झाल्याची शंका आली तर वाट न पाहता, उलटी काढायचा प्रयत्न न करता, थेट रुग्णालय गाठा. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्यात द्या. शेतात किंवा उकिरड्यावर टाकू नका.

साडेपाच तासांचे, साडेतेरा तासांचे कोडे

नव्याने विंडोज टाकून घेतले की टाइम झोन अनेकदा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहून जातो. भारत त्यांच्या साडेतेरा तास पुढे आहे, त्यांच्या उन्हाळ्यात साडेबारा तास. अशा वेळी लोक टाइम झोन तसाच ठेवून वेळ हाताने बदलतात. वरवर घड्याळ बरोबर दिसते, पण नेटवरून सिंक झाले की पुन्हा चुकते. हाताने वेळ बदलू नका. टाइम झोन बदला.

बरोबर साडेपाच तासांचा फरक असेल तर वेगळे कारण. एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहिते आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचते. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये मदरबोर्डचे घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवण्याची एक आज्ञा असते. कॉम्प्युटर ज्यांनी तयार करून दिला त्यांना ‘आरटीसी लोकल टाइमवर ठेवा’ एवढे सांगितले तरी पुरे.

घड्याळांचा हा गोंधळ आपल्या भागाला नवा नाही. १८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वेमार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन झाले, त्या काळी रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावत असे आणि मुंबईची वेळ तिच्या अर्धा तास मागे होती. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबई शहराने स्वतःची ३९ मिनिटे मागे असलेली वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. आज भारतीय प्रमाणवेळ सांभाळण्याचे काम दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते. दोन घड्याळे आपापल्या जागी बरोबर असूनही एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा आधी ‘कुठली वेळ’ हे विचारायचे असते, एवढेच.

३ ऑगस्ट की ८ मार्च?

कोपऱ्यात ‘८/३’ दिसते, पण आज ३ ऑगस्ट आहे. घड्याळ बिघडलेले नाही. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात, ती पद्धत चालू आहे. जन्मतारीख किंवा बिलाची तारीख टाकताना यातून मोठ्या चुका होतात. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘रिजन’ उघडा आणि फॉरमॅटमध्ये ‘इंग्लिश (इंडिया)’ किंवा ‘मराठी (इंडिया)’ निवडा. दिवस, महिना, वर्ष असा आपला क्रम लागेल.

टास्कबारच्या तक्रारी आणि उपाय

विंडोज ९५ पासून, म्हणजे १९९५ पासून, ही पट्टी आपल्या सोबत आहे. ती ‘गेली’ असे वाटते तेव्हा बहुतेक वेळा ती लपलेली असते.

पट्टी दिसतच नाही. आधी कीबोर्डवरचे एफ ११ दाबा. मुलांच्या हातून हे बटण दाबले गेले की ब्राउझर पूर्ण पडदा व्यापतो. तसे नसेल तर माउस पडद्याच्या अगदी तळाशी न्या. पट्टी वर आली तर ‘ऑटो-हाइड’ चालू आहे. विंडोज १० मध्ये पट्टीवर राइट क्लिक, ‘टास्कबार सेटिंग्ज’, आणि ‘ऑटोमॅटिकली हाइड’ बंद. विंडोज ७ मध्ये राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘ऑटो-हाइड’ची खूण काढा.

पट्टी बाजूला किंवा वर गेली. पट्टीच्या रिकाम्या जागेवर राइट क्लिक करा. ‘लॉक द टास्कबार’वरची खूण काढा. रिकामी जागा माउसने धरून पट्टी खाली ओढा. मग पुन्हा लॉकची खूण लावा. ही शेवटची पायरी केली नाही तर उद्या पुन्हा हेच होईल.

पट्टी जाड झाली. लॉक काढा, पट्टीची वरची कड धरून खाली ओढा, लॉक लावा.

पट्टी गोठली, क्लिक घेत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. विंडोज १० मध्ये यादीत ‘विंडोज एक्सप्लोरर’ शोधून ‘रीस्टार्ट’ दाबा. पडदा क्षणभर कोरा होतो आणि पट्टी परत येते. विंडोज ७ मध्ये ‘प्रोसेसेस’मध्ये ‘एक्सप्लोरर’ बंद करा, मग फाइल मेनूत ‘न्यू टास्क’ निवडून ‘एक्सप्लोरर’ असे इंग्रजीत टाइप करा. चालू असलेले पत्र किंवा एक्सेल यामुळे बंद होत नाही, तरी आधी कंट्रोल-एसने सेव्ह करून ठेवा.

पट्टी आहे, पण घड्याळ नाही. विंडोज १० मध्ये ‘टास्कबार सेटिंग्ज’ उघडून खाली ‘टर्न सिस्टिम आयकॉन्स ऑन ऑर ऑफ’वर जा आणि ‘क्लॉक’ चालू करा. आवाज, नेट यांची चित्रे गेली असतील तर तीही इथेच सापडतात.

वेळ दिसते, तारीख दिसत नाही. ‘यूज स्मॉल टास्कबार बटन्स’ चालू असेल. ते बंद केले की तारीख परत दिसते.

हे सगळे करूनही पट्टी रोज गोठत असेल तर विंडोजच्या फाइल खराब झाल्या असण्याची शक्यता आहे. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ शोधा, राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा आणि ‘एसएफसी’, एक मोकळी जागा, तिरकी रेघ, लगेच ‘स्कॅननाउ’ असे इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. जुन्या कॉम्प्युटरवर याला वेळ लागतो. मधे बंद करू नका. हार्ड डिस्क खरखर आवाज करत असेल तर आधी फोटो, कागदपत्रे आणि हिशेब पेन ड्राइव्हवर काढून घ्या, मग बाकीचे.

‘मदतीसाठी फोन करा’ दिसले तर थांबा

बिघाडाच्या घाईत माणूस नेटवर दुरुस्तीचा नंबर शोधतो. तिथेच घात होतो. ‘तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या क्रमांकावर फोन करा’ असा पडदा भोंगा वाजवत येतो. तो खोटा असतो. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून ब्राउझर बंद करा. घड्याळ किंवा टास्कबार दुरुस्त करायला कुणालाही ओटीपी, बँक खाते किंवा दुरून कॉम्प्युटर चालवण्याची परवानगी लागत नाही. ती कुणी मागितली तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त.

किती दिवस चालवायचा?

घड्याळ बरोबर असूनही संकेतस्थळे उघडत नसतील तर दोष वयाचा आहे. विंडोज ७ चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि त्यावर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ आहे. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा कॉम्प्युटरवर टायपिंग, हिशेब, मुलांचा सराव, जुने फोटो ही कामे बिनधास्त करा. बँकेचे व्यवहार मात्र मोबाइलवरच करा. मशीन धडधाकट असेल तर त्यावर मोफत मिळणारे हलके लिनक्स टाकून घेणे हाही चांगला मार्ग आहे. ते टाकण्याआधी तुमचा हिशेबाचा प्रोग्राम त्यावर चालतो का, हे विचारून घ्या.

झाकण उघडायला भिऊ नका

शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकायचे, हा त्यामागचा विचार. २००२ मध्ये तिथेच अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. पंप, इंजिन, ट्रॅक्टर आपल्याकडची माणसे स्वतः खोलून पाहतात. मग घरातला कॉम्प्युटरच तेवढा परका का वाटावा?

येत्या रविवारी वीज बंद करून मुलांना सोबत घ्या आणि कॅबिनेट उघडा. सेल कुठे आहे, तो कशासाठी आहे, हे त्यांना दाखवा. नवा सेल बसवल्यावर आतल्या पत्र्यावर चिकटपट्टी लावून त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा. तीन वर्षांनी ती पाहिली की पुढचा सेल कधी आणायचा ते कळेल, आणि अर्जाच्या शेवटच्या रात्री धावपळ होणार नाही.